हाकेला ओ

एकोणीसशे चौतीस साली आगरदांड्याच्या कोळीवाड्यात लिहिता-वाचता येणारं एकच माणूस होतं, आणि ते पंधरा वर्षांचं होतं. केसर अनंता कोळी, इयत्ता सहावी. तिला त्याचा तोरा तर इतका की चहाच्या पुड्यावरचं, काडेपेटीवरचं, वाण्याच्या पाटीवरचं, जे दिसेल ते ती मोठ्यांदा वाचत सुटायची. ठमीआत्या म्हणायची, "गो, जरा दम घे. अक्षरं काय पळून जातात?"

तिला शिकवलं थोरल्या भावानं, सदानं. शाळेत घालण्याआधी ओहोटीच्या ओल्या वाळूत काठीनं अक्षरं काढून तो तिच्याकडून गिरवून घ्यायचा. त्याचा 'स' निराळा होता. त्याला खाली शेपटी असायची, माशाच्या शेपटीसारखी. शाळेतल्या रावजी मास्तरांनी कितीदा त्याचा हात सोलवटून काढला, पण शेपटी गेली नाही.

सदा दोन वर्षांपूर्वी वादळात गेला. त्याची होडी जंजिऱ्याच्या अंगाला पालथी सापडली, तो सापडला नाही. अनंतानं, त्याच्या बानं, तो गेला हे मनाशी धरलं. नीराबाईनं, सदाच्या आईनं, धरलं नाही. ती रोज दुपारी त्याचं ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि दिवेलागणीला स्वतःच जेवायची. मात्र त्या दिवसापासून ती पाण्याकडे फिरकली नव्हती. कुठल्या होडीला हातही लावला नव्हता.

अशात अनंतानं मासेमारी सोडायची ठरवली. दिघीचे नारळाचे व्यापारी सिराजुद्दीनचाचा आणि तो, दोघांनी मिळून नवा मचवा बांधला. खाडीच्या ह्या तीरावरून दिघीला उतारू न्यायचे, तिकडचे आणायचे. नवा धंदा, नवा मचवा. आता त्याला नाव हवं होतं.

बैठक अनंताच्या ओटीवर बसली.

"नाव असं पाहिजे," सिराजुद्दीनचाचा म्हणाले, "की धक्क्यावरून माणसानं हाक मारली तर वाऱ्यात फुटायला नको. दर्यादौलत ठेवा. बघा कसं भरल्या तोंडाचं हाय."

"एकवीरा," ठमीआत्या म्हणाली. "आईचं नाव असताना दुसरं कशाला?"

केसर वाटच बघत होती. "विद्युल्लता."

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"इदू काय?" आत्या म्हणाली.

"विद्युल्लता. म्हणजे वीज. आमच्या कवितेत आहे."

"वीज पडायची मग मचव्यावर. दुसरं काय व्हणार?"

चाचा पोट धरून हसले. केसरलाही हसू आलं, पण हट्ट सुटला नाही. मग अनंता बोलला, खाली बघत, "सदानंद ठेवायचं माझ्या मनात हाय."

हसणं थांबलं. चुलीपाशी बसलेली नीराबाई तिथूनच म्हणाली, "जित्या मानसाचं नाव कुनी होडीला देत न्हाय. माज्या पोराचं नाव दर्याला द्याचं न्हाय."

तिचं म्हणणं खरं होतं. त्या वाड्याची रीत अशी: नवी होडी पाण्यात लोटली की काठावरून तिच्या नावानं तीन हाका मारायच्या, आणि होडीत उभ्या तांडेलानं, होडी हाकणाऱ्यानं, तिच्या वतीनं तीनदा "ओ" म्हणायचं. ओ दिली की ते नाव होडीचं झालं, दर्याचं झालं. म्हणून देवांची नावं द्यायची, नाहीतर गेलेल्यांची. जितं माणूस त्या नावाचं असेल तर, म्हातारे म्हणत, ओ कोण देईल सांगता येत नाही.

"तो जिता कुठं हाय गो, नीरा?" अनंता म्हणाला. इतक्या हळू की त्यालाच ऐकू आलं असेल.

शेवटी ठरलं, देवळात चिठ्ठ्या टाकायच्या. चार नावं, चार चिठ्ठ्या. लिहिणार केसर, दुसरं आहे कोण.

आणि इथं केसरनं ते केलं. काळ्या पेन्सिलीनं तिनं दर्यादौलत लिहिलं, एकवीरा लिहिलं, विद्युल्लता लिहिलं. चौथ्या कागदावर पेन्सिल टेकली तेव्हा चुलीपाशी आईची पाठ दिसत होती. बा जवळ येऊन म्हणाला, "ह्यावर सदाचं ना?" ती म्हणाली, "व्हय," आणि तिनं पुन्हा विद्युल्लता लिहिलं. आईसाठी केलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. बरंचसं ते खरंही होतं.

देवळात करवंटीतून चिठ्ठी उचलली ठमीआत्यानं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तिच्याहून भरवशाचा हात नाही. चिठ्ठी तिनं केसरच्या तळव्यावर ठेवली. कागद ओलसर होता.

केसरनं घडी उलगडली. सदानंद.

अक्षरं जांभळी होती. 'स'ला शेपटी होती.

जांभळी पेन्सिल त्यांच्या घरात नव्हती, शाळेतही फक्त मास्तरांकडे होती. केसरच्या कानात गरम काहीतरी भरलं. समोर बा, चाचा, आत्या. देवळाच्या दाराशी आई, पदराचं टोक दातात धरून.

"वाच ना गो," बा म्हणाला.

"विद्युल्लता," केसरनं वाचलं.

दाराशी आईचे खांदे खाली आले. बा देवीला हात जोडून म्हणाला, "तुजी मर्जी." बाकीच्या तीन चिठ्ठ्या केसरनं घरी येऊन उघडल्या. दर्यादौलत. एकवीरा. विद्युल्लता. तिन्ही काळ्या, तिन्ही तिच्या हातच्या. चौथी तिनं वहीत खोल दडवून ठेवली.

मचव्याच्या पाटीवर नाव तिनंच रंगवलं. निळ्यावर पांढरं. पहिलं अक्षर काढताना ती तीनदा थांबली, तीनदा वाचून बघितलं. वि. 'वि'च होतं. लिहून झालं तेव्हा तिला खूप हलकं वाटलं, आणि चिठ्ठीतलं ते आपल्या धास्तीनंच दिसलं असेल, असं तिनं ठरवूनही टाकलं.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भरतीला, मचवा पाण्यात लोटला. नीराबाई घरीच राहिली. मचव्यात अनंता एकटा उभा. काठावरून हाक मारायचा मान आत्याचा. तिनं ते अवघड नाव रात्रभर घोकलं होतं, आणि तरी पहिल्या हाकेला काय म्हणाली ते तिचं तिलाच ठाऊक. लोक हसले. अनंतानं ओ दिली. दुसरी हाक, दुसरी ओ.

तिसऱ्या हाकेला केसरला दोन ओ ऐकू आल्या. एक बाची, मचव्यातून. दुसरी तिच्या मागून पुढून कुठूनच नाही. लांब, तरुण, जरा हसरी. तिनं आजूबाजूला पाहिलं. लोक गुळखोबरं वाटत होते.

धंदा चांगला चालला. आठवड्याभरात रावजी मास्तर दिघीला जायला धक्क्यावर आले. मचवा लागत होता. मास्तरांनी पाटी बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली.

"भावाचं नाव दिलंत. बरं केलंत," ते केसरला म्हणाले. "त्याची शेपटीसुद्धा ठेवलीस. मी उगाच मारलं त्याला."

"कुठलं नाव, मास्तर?"

"सदानंद. दुसरं कुठलं? आपण लिहायचं आणि आपणच विचारायचं होय?"

केसरनं पाटी पाहिली. विद्युल्लता. पांढरं, ठसठशीत, जोडाक्षरांसकट.

मग टपालवाला बाळाराम तेच म्हणाला. मुरुडचा एक कारकून म्हणाला. ज्याला वाचता यायचं तो सदानंद वाचायचा, आणि ज्यांना येत नव्हतं ते वाचणाऱ्यांचं ऐकून म्हणायचे. सिराजुद्दीनचाचांना उर्दू तेवढं यायचं. तेही लोकांच्या तोंडचं उचलून सदानंद म्हणू लागले. अनंताला वाटलं, लोक माया करतात. "चिठ्ठी आपुन मानली," तो एकदा जेवताना म्हणाला, "लोकांनी न्हाय मानली." त्याचे डोळे भरले होते, आणि बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला.

पण धक्का घरापासून हाकेच्या अंतरावर. उतारू आला की मचव्याला हाक मारायचा. "सदानंद, ओ सदानंदऽ."

आणि चुलीपुढची नीराबाई उठून उभी राहायची. प्रत्येक वेळी. हातातली भाकरी तशीच, कान टवकारलेले. "कुनीतरी बोलावतंय त्याला. दिसला असंल." केसर सांगायची, "मचव्याला हाक मारतात गो, लोकांना आपलं नाव जमत नाय." आई बसायची. पुढच्या हाकेला पुन्हा उठायची.

केसरनं पाटी खरवडली, नव्यानं रंगवली. तिला विद्युल्लताच दिसलं. दुसऱ्या दिवशी पहिलाच उतारू हाक मारत आला, "ओ सदानंद."

भाद्रपद लागायच्या आत बाळारामनं घरी एक कार्ड आणून दिलं. कराचीचा शिक्का. केसरनं ते उभ्यानंच वाचलं. मग आईच्या पायाशी बसून तिनं वाचून दाखवलं.

सदानं लिहिलं होतं की वादळात एका फत्तेमारी गलबतानं त्याला उचललं आणि बसऱ्याला नेलं. पाय मोडला, ताप आला, वर्षभर खाटेवर होता. दोन पत्रं टाकली, पोचली की नाही कळलं नाही. आता कराचीहून नारळी पुनवेच्या आधी मुंबईकडे गलबत निघतंय, त्यावर खलाशी म्हणून लागलोय. गणपतीला घरी. केसरसाठी एक गंमत घेतली आहे.

"मी सांगत व्हते," नीराबाई म्हणाली. ती रडली नाही. तिनं झाकलेलं ताट उचललं, त्यातला भात कावळ्यांना टाकला आणि ताट घासून पालथं ठेवलं. "आता आला की गरम वाढीन."

कार्डावरची तारीख मचवा लोटण्याच्या आठ दिवस आधीची होती.

गणपती आले, गेले. अनंत चतुर्दशीही झाली. मग एका संध्याकाळी म्हसळ्याकडचा एक खलाशी, नजमुद्दीन नावाचा, दिघीहून मचव्यात बसून आला. त्याच्या काखेत एक गाठोडं होतं. ओटीवर टेकल्यावर बराच वेळ तो पाणीच पीत राहिला.

"सदा गलबतावर माझ्याच बाजूला बसला होता, आई," तो म्हणाला. "पुनवेचा दुसरा दिवस. मी जोहरची, दुपारची नमाज पढून उठलो होतो. दर्या असा, तेल ओतल्यागत. जाळं शिवत होता. एकदम मान वर केली आणि म्हणाला, ओ."

"कुनी हाक मारली?" नीराबाईनं विचारलं.

"कुणीच नाही. मी तेच म्हटलं त्याला. तर म्हणाला, माझ्या आत्याचा आवाज आहे. पुन्हा ओ दिली. उठून उभा राहिला."

ओटीवरचे सगळे आत्याकडे बघू लागले.

"तिसऱ्यांदा हसला. ओ म्हणाला, आणि पायरी उतरावी तसा उतरला. आम्ही चौघांनी उड्या टाकल्या. पाण्यावर बुडबुडासुद्धा नव्हता."

ठमीआत्यानं तोंडावर पदर घेतला.

गाठोड्यात एक सदरा, हिरव्या बांगड्या आणि कागदात गुंडाळलेली एक पेन्सिल होती. जांभळी. "ही बहिणीसाठी," नजमुद्दीन म्हणाला. "स्वतः कधी वापरली नाही. कार्डसुद्धा मुनशीच्या टाकानं लिहिलं."

पेन्सिलीचं टोक झिजलेलं होतं. चार अक्षरं लिहून व्हावीत, एवढंसंच.

केसर आत धावली, वहीतून चिठ्ठी काढली. आता सांगायचंच, सगळं सांगायचं. घडी उलगडली. काळ्या पेन्सिलीनं, तिच्याच वळणदार हातानं लिहिलं होतं: विद्युल्लता.

बाहेर आली तेव्हा आई ओटीवर नव्हती.

नीराबाई काठाकडे चालली होती, दोन वर्षांत पहिल्यांदा. गुडघाभर पाण्यात जाऊन ती मचव्यापाशी उभी राहिली. केसर मागोमाग गेली.

"हे काय लिवलंय? वाच."

"विद्युल्लता," केसर म्हणाली. ह्या वेळी ती जे दिसत होतं तेच बोलत होती.

आईनं पाटीवर बोट ठेवलं. सावकाश फिरवलं. बोट गोल वळलं, खाली आलं आणि शेवटी माशाच्या शेपटीसारखं बाजूला गेलं.

"चुलीच्या राखेत त्यानं मला एवढं येकच अक्षर शिकवलं व्हतं," ती म्हणाली.

"आये, मी..."

"गप."

दोघी उभ्या राहिल्या. पाणी ओहोटीला लागलं होतं. मचव्यात कुणी नव्हतं. शीड उतरवलेलं, वल्ही आत, तोंड दर्याकडे.

"बाला सांग," आई म्हणाली, "लोकांना म्हनावं, आता हाका मारू नका. दमला आसंल."

तेवढ्यात धक्क्यावर कुणी उशिरा आलेला उतारू ओरडला, "ओ सदानंदऽ."

वारा नव्हता. ओहोटी समुद्राकडे ओढत होती. नांगराचा दोर हळूहळू ताठ झाला, आणि रिकामा मचवा पाण्याच्या ओढीविरुद्ध वळला, हाक आली त्या बाजूला तोंड करून.