रिकामी तारीख

बसा, निवांत बसा. फक्त कोपऱ्यातल्या त्या माप घ्यायच्या स्टीलच्या पाटीवर पाय ठेवू नका. चामड्याचा वास येतोय ना? मला येत नाही आता. सगळी हयात या जोड्यांच्या दुकानात गेली.

त्या पाटीवर उभं करून घेतलेलं प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप माझ्या कॉम्प्युटरात असायचं. शिकलो कुठे म्हणाल, तर बटणं दाबून आणि बायकोची बोलणी खाऊन. मुलांचे पाय वाढतात, म्हणून शेवटचं माप घेतल्याची तारीख बघून प्रोग्रामच आईबापांना निरोप धाडायचा: 'पाऊल वाढलं असेल, माप द्यायला या.' धंदा त्यावरच चालायचा, खोटं कशाला बोलू.

माझी लेक पाटीवर उभी राहिली की पायाची करंगळी वर उचलून धरायची. "बाबा, हिला गार लागतं," म्हणायची. तापात गेली. आणि काही दिवसांनी तो निरोप माझ्याच फोनवर आला. मी तिच्या नोंदीतली तारीख पुसली. जागा रिकामी ठेवली. जुन्या प्रोग्रामनं निमूट चालवून घेतलं; तेवढी माणुसकी त्याला होती.

मग कंपनीचं फर्मान आलं: जुनी आवृत्ती बंद, नवी घ्या. का, तर आमची मर्जी. चालतं दुकान थांबवायचं आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं. भर दुपारी शटर अर्धं ओढून त्यांचा इंजिनिअर जुनी माहिती नव्यात हलवायला बसला. बाकी सगळं नव्यात गेलं. एक नोंद अडली.

"काका, हिची तारीख रिकामी आहे. नव्याला चालत नाही. काहीतरी टाका, नाहीतर उडवतो. कचराच आहे."

"कचरा तुझ्या कंपनीत असेल. ती माझी मुलगी आहे."

माझं डोकं तापलं होतं. मी मागच्या खोलीत पाणी प्यायला गेलो. तेवढ्यात पठ्ठ्या आजची तारीख टाकून मोकळा झाला.

परत आलो तर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

"काका... माप बदललंय."

"तू हात लावलास?"

"फक्त तारखेला. आईशप्पथ."

आकडा वाढला होता. ती असती, तर आज तिचं पाऊल एवढंच भरलं असतं. हे मला कोणी शिकवायला नको.

"जुनं माप परत घालू...?"

"खबरदार. पुसायचं नाही की बदलायचं नाही."

तो माझ्याकडे पाहत नव्हता. कोपऱ्यातल्या पाटीकडे पाहत होता. सकाळपासून तिच्यावर कोणी उभं राहिलं नव्हतं. तरी तिची सरकती पट्टी त्याच नव्या आकड्यावर येऊन थांबली होती. मी वाकलो. गार स्टीलवर पावलाची वाफ धरली होती, आरशावर श्वासाची धरते तशी, हळूहळू विरत चाललेली. टाच. तळवा. बोटं, चारच.

करंगळीची जागा कोरडी होती.