कोळी आत येऊ नये म्हणून

जिन्यात ती अनवाणी उभी होती. हातात कापड कापायची मोठी कात्री, आणि नजर स्वतःच्याच उघड्या दारावर खिळलेली. खालच्या मजल्यावर राहणारा, चष्म्यांचं दुकान चालवणारा शेजारी वर येता येता थबकला.

"चोर?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"कोळी. पडद्यावर आहे. एवढा..." तिने तळहात पसरला आणि स्वतःच शहारली.

"मग ती कात्री त्याच्यासाठी, की माझ्यासाठी?"

तिला हसू आलं नाही. नाटकांचे कपडे शिवणारी, घरच्यांची ही 'चिमणी' नुकतीच दादाचं घर सोडून इथे एकटी राहायला आली होती. अंथरूण झटकताना, चपलेत पाय सरकवताना रोज छातीत धस्स व्हायचं. जळमटं काढून झाली, पुदिन्याच्या तेलाचे फवारे मारून झाले. तरी कुठल्यातरी कोपऱ्यात काहीतरी हलायचंच.

तो उंबऱ्याशी जरासा घुटमळला, मग आत गेला. पडद्यावर काहीच नव्हतं.

"दिसत होता तेच बरं होतं हो," ती रडवेली झाली. "आता तो कुठेही असेल!"

"येतात कुठून ते बघू," तो म्हणाला. दाराखाली बोट जाईल एवढी फट होती.

दुसऱ्या दिवशी तो तिथे लावायला रबरी पट्टी घेऊन आला. मग एकेका खिडकीला बारीक जाळी बसवायला येऊ लागला. पहिल्या दिवशी त्याने खिशातून इवलासा स्क्रू ड्रायव्हर काढला.

"हा काय मुंग्यांच्या घरचा?" तिने विचारलं.

"चष्म्यांचा आहे. तुमच्या नाकावर बसवू एखादा चष्मा?"

"नको. कोळी आणखी मोठे दिसतील!"

ती त्याची वाट बघू लागली. पण तो यायचा तो आधी छताकडे बघायचा, मग कोपऱ्यांकडे. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकायचा आणि काम झालं की लगेच उठायचा. याला माझ्याकडे बघायचंच नाही... ती मनातून हिरमुसायची.

शेवटच्या खिडकीची जाळी बसली.

"झालं," तो म्हणाला. "आता यायला काही कारण उरलं नाही..."

उगाच काहीतरी करायचं म्हणून तिने नाटकाच्या कपड्यांच्या खोक्यातला मखमली अंगरखा उचलला आणि झटकला. त्यातून काळं, लांब पायांचं काहीतरी उडालं, त्याच्या बाहीवर पडलं आणि सरसर वर चढलं.

ती किंचाळली. तो मात्र दगडासारखा उभा होता. चेहरा पांढराफटक, डोळे गच्च मिटलेले.

"काढा..." त्याचे ओठ जेमतेम हलले. "प्लीज, काढा."

कोळी त्याच्या कॉलरपाशी पोचला होता. तिला वाटलं, पळावं. थेट रस्त्यावर. पण त्याच्या कपाळावर घाम डवरलेला दिसला आणि तिने टेबलावरचा काचेचा पेला उचलला. पेला कोळ्यावर पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला. आत पाय काचेवर वळवळत होते... श्वास रोखून ती जिना उतरली, अंगणाच्या टोकाला कुंपणाबाहेर पेला रिकामा केला आणि धावत वर आली.

तो जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"तुम्हालाही भीती वाटते?"

"तुमच्यापेक्षा जास्त. लहानपणापासून."

"मग रोज येत कशाला होतात?"

तो पायरीकडे बघतच म्हणाला, "आत कोळी असायचे... पण तुम्हीही असायचात ना."

ती त्याच्या शेजारी टेकली. त्याने हळूच तिचा हात हातात घेतला. त्याची बोटं अजून थरथरत होती.

"गेला तो. आता कशाची भीती?"

"तुम्ही हात सोडवून घ्याल याची."

तिने सोडवून घेतला नाही.