दुसरा सिग्नल

ही घटना माझ्यासमोर घडलेली आहे. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही. पण वेळा आणि आकडे मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवले होते, आणि त्यातला एकही नंतर बदललेला नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चमधला दुसरा शनिवार. अमेरिकेत, मोंटानातल्या बेअरटूथच्या डोंगरात.

रात्र नव्हती, हे आधीच सांगते. लख्ख ऊन होतं. इतकं, की काळ्या चष्म्याशिवाय बर्फाकडे बघवत नव्हतं.

मी गावातल्या एका लहानशा ब्रुअरीत काम करते. यीस्ट सांभाळणं, पाणी तपासणं, बिअर बिघडली तर का बिघडली ते शोधणं. म्हणून सगळे मला 'डॉक' म्हणतात. माझा नवरा एमेट तिथेच बिअर बनवतो. मालकीण जोलीन. वय एकसष्ट, जीभ तिखट, पाय आमच्यापेक्षा मजबूत.

दर मार्चमध्ये आम्ही तिघं स्कीवरून डोंगराच्या उत्तरेकडच्या मोठ्या खोलगट उतारावर जातो. त्याला सगळे नुसतं 'बाउल' म्हणतात. तिथून सहा पोती बर्फ घसरगाडीवर लादून खाली आणायचं आणि ते वितळवून वसंतातली पहिली बिअर करायची, अशी जोलीनच्या वडिलांपासूनची पद्धत आहे. त्या बर्फाने चवीत काडीचाही फरक पडत नाही. मी तपासलंय. पण लोक त्या बिअरसाठी दोनशे मैलांवरून येतात.

बाउलमध्ये हिमस्खलनाचा धोका असतो. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. ते सतत सिग्नल पाठवतं. कुणी गाडलं गेलं, तर बाकीचे आपली यंत्रं 'शोध'वर टाकतात; तेव्हा ती स्वतः सिग्नल पाठवायचं थांबवतात. मग बाण दिशा दाखवतो, आकडा अंतर सांगतो.

निघण्याआधी ही यंत्रं तपासायची असतात. नियम असा, की एकेकाने वेगवेगळं समोरून चालत जायचं. प्रत्येकाचा सिग्नल स्वतंत्र ऐकायचा.

त्या दिवशी आम्हाला उशीर झाला होता.

"डॉक, तुझं ते शास्त्र आटप," जोलीन ओरडली. "बर्फ वितळून नदीला मिळेल तोवर!"

"नदीवरून पाइप टाकू मग," एमेट म्हणाला. "तुझे गुडघे तरी वाचतील, म्हातारे."

"माझे गुडघे तुझ्या लग्नाआधीपासून हा डोंगर चढतायत, पोरा. तू तुझं पोट सांभाळ."

मी हसले. आणि एकेकाला चालवण्याऐवजी यंत्र 'शोध'वर टाकून नुसती संख्या पाहिली.

दोन सिग्नल.

जोलीन आणि एमेट. हिशोब बरोबर होता.

फक्त एक गोष्ट… पहिला सिग्नल चार मीटरवर होता. तिथे जोलीन उभी होती. दुसरा एकतीस मीटर दाखवत होता. एमेट माझ्यापासून जेमतेम सहा पावलांवर होता.

बाण त्याच्याकडे नव्हता. झाडांकडे होता.

मी झाडांकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

जवळ मोबाईल असला तर ही यंत्रं गडबडतात. मी मनाशी म्हटलं, गडबड. आणि आम्ही निघालो.

माझी चूक तिथे झाली. एखादा आकडा पटला नाही, तर दुसऱ्यांदा मोजायचं, हे मी वीस वर्षं इतरांना सांगत आलेय.

दोन तासांत वर पोहोचलो. पोती भरली. वर जाताना झाडांत पक्षी ओरडत होते. बाउलमध्ये एकही आवाज नव्हता. वारासुद्धा नाही.

"शेवटचं एक वरच्या कडेवरून भरतो," एमेट म्हणाला. "तिथलं स्वच्छ आहे."

"सगळं पांढरंच आहे रे, राजा," जोलीन म्हणाली.

तो हसत वर गेला. पन्नासेक मीटर.

आणि मग… पायाखालून एक आवाज आला. जड दार दूर कुठेतरी बंद व्हावं तसा.

धप्प.

एमेटच्या वरच्या बाजूला बर्फात एक रेघ उमटली. सरळ, निळसर. सगळा उतार त्या रेघेपासून सुटला.

मी त्याचा लाल कोट दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा दिसला नाही.

मग सगळं थांबलं.

पूर्ण शांतता.

घड्याळात एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुतेक वेळा जगतो. त्यानंतर आशा झपाट्याने घटते. हा आकडा मला पाठ होता. तो पाठ नसता तर बरं झालं असतं.

"यंत्र! जोलीन, यंत्र शोधवर टाक!"

"टाकलं!"

आता आम्हा दोघींची यंत्रं सिग्नल पाठवत नव्हती. म्हणजे त्या अख्ख्या बाउलमध्ये सिग्नल येणार होता तो फक्त एमेटचा.

सिग्नल आला.

अडतीस मीटर. तीस. एकवीस. मी पळत होते, पडत होते, पुन्हा पळत होते. नऊ. चार. मग बर्फाला नाक लावून, यंत्र हळूहळू सरकवत… दोन पूर्णांक सहा. सगळ्यात कमी आकडा तिथे होता.

जोलीनने लांब सळई खुपसली. सव्वा मीटरवर ती मऊ काहीतरी लागून थांबली.

"इथे आहे! खण!"

सव्वा मीटर. यंत्र तर दोन पूर्णांक सहा म्हणत होतं. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

आम्ही खणलं. जोलीन रडत होती आणि शिव्या देत होती. "मरायचं नाही हां, गाढवा. पुढच्या आठवड्यात चारशे लिटर भरायचीय. कोण भरणार? मी?"

आधी हातमोजा दिसला. मग खांदा. मग चेहरा, निळा पडलेला. मी त्याच्या तोंडातलं बर्फ बोटाने काढलं आणि श्वास दिला. एक. दोन. तीन. चार…

पाचव्याला तो खोकला.

एक वाजून छत्तीस. चौदा मिनिटं.

जोलीन बर्फात मटकन बसली. मी त्याच्या कोटाची चेन उघडली. सापडलेल्या माणसाचं यंत्र बंद करायचं असतं, तसा नियम आहे.

एमेटचं यंत्र आधीच बंद होतं.

दिवा नाही. काहीच नाही. मी मागचं झाकण उघडलं.

आत बॅटऱ्याच नव्हत्या.

आदल्या दिवशी टाकीच्या थर्मामीटरची बॅटरी संपली होती. बिअर ऐन फसफसायच्या वेळेला आली होती. त्याने आपल्या यंत्रातल्या बॅटऱ्या काढून तिथे घातल्या होत्या. सकाळी वाटेत नव्या घेऊ म्हणाला आणि विसरला. हे त्याने नंतर हॉस्पिटलमध्ये सांगितलं. बिअरची काळजी करणारा माणूसच असली चूक करू शकतो.

पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या हातात ते रिकामं यंत्र होतं, आणि…

टिक. टिक. टिक.

माझं यंत्र अजून वाजत होतं.

बाण खड्ड्यात खाली रोखलेला. जिथून एमेटला काढलं, त्याच्या थेट खाली.

एक पूर्णांक चार.

"डॉक," जोलीन हळूच म्हणाली, "माझंही वाजतंय."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. वर अजून अर्धा उतार लटकत होता. एमेट थंडीने कुडकुडत होता. त्याला तासाभरात खाली नेलं नसतं, तर तो तिथेच गेला असता.

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

एक पूर्णांक एक.

यंत्र माझ्या हातात स्थिर होतं. मी जागची हलले नव्हते. कुणी खणत नव्हतं.

शून्य पूर्णांक नऊ.

"बंद कर ते," जोलीन म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही. "डॉक, बंद कर!"

शून्य पूर्णांक सात.

मी बंद केलं.

आम्ही पोती ओतून टाकली, एमेटला घसरगाडीवर बांधलं आणि निघालो. मी एकदाही मागे पाहिलं नाही. जोलीनने पाहिलं. काय दिसलं ते तिने सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बचाव पथक वर गेलं. सिग्नल नाही. खड्डा जसाच्या तसा. कुणी हरवल्याची कुठेही नोंद नाही. जूनमध्ये बर्फ वितळल्यावर मी एकटी जाऊन आले. ओलं गवत, दगड, थोडी पिवळी फुलं. दुसरं काही नाही.

एमेटचा जीव कशामुळे वाचला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्याच्याकडून सिग्नल निघत नव्हता. सिग्नल त्याच्या खालून येत होता. तो नसता तर त्या एवढ्या मोठ्या उतारावर आम्ही कुठे खणलं असतं?

हे आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात दोन ग्लास झाल्यावर जोलीन बोलून गेली.

त्याने ग्लास खाली ठेवला आणि मला म्हणाला, "सिग्नल चालू होता? आणि तुम्ही निघून आलात?"

"तू मरत होतास, एमेट."

"मी बाहेर आलो होतो गं. खाली तो होता."

"तिथे कुणी नव्हतं. पथकाने पाहिलं. मी पाहिलं."

"मग मला कुणी शोधून दिलं?"

"सिग्नल येत असेल तोवर खणायचं," तो म्हणाला. "हे तूच शिकवलंस मला."

आता पुन्हा मार्च आलाय. या शनिवारी तो वर जाणार आहे. बर्फ आणायला नाही. जोलीनने साफ नकार दिला. "मला बिअर विकायचीय, मरायचं नाहीये," म्हणाली आणि फोन ठेवला. मी खूप भांडले. तो ऐकत नाही. त्याला वाटतं, खाली कुणीतरी अडकलंय, त्यानेच आपला जीव वाचवला आणि आपण त्याला सोडून आलो.

आकडा आपोआप कमी होत होता, हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो आजच निघेल.

त्याला एकट्याला जाऊ देणं मला शक्य नाही. म्हणून मीही जातेय. यंत्र माझ्याच हातात असणार आहे. सिग्नल आला नाही, तर आम्ही परत येऊ. खोल कुठेतरी आला, तर खणू. या दोन्हींची तयारी मी केली आहे.

पण फावडं टेकवायच्या आधीच आकडा शून्य दिसला, तर…?