सिन्नरच्या यजमानांचं पान

कपाट शाबूत, कुलूप शाबूत, आणि वहीतलं एक पान गायब. त्र्यंबकेश्वरच्या ढुंढिराज गुरुजींनी सकाळीच पोलीस ठाणं गाठून तक्रार दिली आणि चोराचं नावही सांगून टाकलं: सख्खा पुतण्या, गौरांग. संध्याकाळपर्यंत तो कोठडीत दिसला पाहिजे, असंही बजावलं.

उपनिरीक्षक तेजस्विनी आहेर दुपारी त्यांच्या घरी पोचली. कपाटभर नामावळीच्या वह्या होत्या. विधीला आलेला यजमान आपल्या घराण्याच्या पानावर स्वतःच्या हाताने नावं लिहितो, चार ओळी खुशालीच्या लिहितो. पुढे नातवंडं येतात, ते अक्षर पाहतात आणि डोळे पुसतात. त्यातलं एक पान कुणीतरी ब्लेडने शिवणीलगत अलगद कापलं होतं.

"किल्ली कुठे असते?"

"जानव्याला. झोपेतसुद्धा. या घरात मी कुणाच्या भरवशावर राहत नाही."

हे ते बायकोच्या देखत बोलले. इंदिराकाकूंनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या.

"पान कुणाचं होतं?"

"सिन्नरच्या यजमानांचं. परवा रात्री पाहिलं तेव्हा होतं. रोज पाहतो मी."

"हजार घराण्यांतलं तेच रोज कशाला?"

गुरुजींनी वही मिटून कपाटात ठेवली.

गौरांग ओसरीवर तोंड पाडून बसला होता. पोलिसांत नाव गेलेल्या भटजीला कोण पूजेला बोलावणार? त्याचा गुन्हा एवढाच, की वाळवी लागायच्या आत वह्यांचे मोबाइलवर फोटो काढू या म्हणून त्याने काकांच्या मागे टुमणं लावलं होतं. घरातल्या माणसांबद्दल विचारल्यावर तो सईबद्दल बोलला. गुरुजींची एकुलती एक मुलगी. आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न केलं, त्या दिवसापासून तिला हे दार बंद. गेल्या महिन्यात डेंग्यूने गेली. तिचं सासर कुठलं, एवढं विचारून तेजस्विनी आत आली.

"गुरुजी, काल नारळी पौर्णिमा होती. जानवं बदललंत ना?"

"कुशावर्तावर. जुनं पाण्यात सोडायचं, म्हणून किल्ली देव्हाऱ्यात ठेवून गेलो."

"आणि गौरांग?"

"माझ्या शेजारीच बसला होता. जाताना-येतानाही..." गुरुजींची नजर दाराकडे गेली.

"म्हणजे घरात एकच माणूस उरलं," तेजस्विनी म्हणाली. "गौरांगचं फोटोवर भागलं असतं, तो पान कापणार नाही. ज्याला तोच कागद, तेच अक्षर हवं होतं, त्याने ते कापलं. सईचं सासर सिन्नरचं. दार बंद होतं, पण यजमानाला गुरुजी परत पाठवत नाहीत. म्हणून ती यजमान होऊन आली आणि रिवाजाप्रमाणे पानावर लिहून गेली. तुम्ही ते कुलपात ठेवलंत. काकू, तुम्हाला कसं कळलं?"

इंदिराकाकू खाली बसल्या. दिवसकार्य झाल्यावर जावई अश्विनचा फोन आला होता. दोन वर्षांपूर्वी ती येऊन वहीत लिहून गेली, तुम्ही भेटलाच नाहीत, असं तो म्हणाला. त्यांनी कमरेला खोचलेला कागद काढून पुढे केला.

तेजस्विनीने वाचलं. 'आई आत होती. भांड्यांचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, तिला तुझं तोंड पाहायचं नाही. मी तासभर थांबले.'

"असं का सांगितलंत?" काकूंनी नवऱ्याला विचारलं.

"तुम्ही दोघी एक व्हाल आणि मी एकटा पडेन, असं वाटलं." गुरुजी कपाटाकडे पाहत म्हणाले. "वही फाडायचा मला अधिकार नव्हता. रोज वाचत होतो."

"तुम्ही मला एकदा हाक मारायची होतीत. दहा पावलांवर होते मी."

गुरुजी रडायला लागले. काकूंनी तिकडे पाहिलं नाही.

"गौरांगला सोडा, मॅडम. चोरी मी केली, लिहून घ्या. पण पान परत मागू नका. माझी पोर माझ्यावर रुसून गेली, आणि आता तिची समजूत काढायला मी कुठे जाऊ?"