बिननावाचा चौकोन

आमच्या घरात वस्तू हरवत नाही. हरवली असं कोणी म्हणालं की मी नुसती उठते, आणि ती सापडते. भीतीने सापडते, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत.

म्हणून मुलाने सकाळी सकाळी सांगितलं, की कॉम्प्युटरातली जागा हरवली, तेव्हा मला हसूच आलं. किल्ली हरवते, चमचा हरवतो. जागा कशी हरवेल? ती जिथल्या तिथे असते, म्हणून तर तिला जागा म्हणायचं.

पण सुनेचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं. ती मागच्या खोलीत, खिडकीखाली, माझ्या जुन्या शिवणाच्या टेबलावर बसून कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नाचे पिक्चर जोडते. आधी एका स्टुडिओत नोकरी करायची. तिथला मालक येता-जाता डाफरायचा. मीच म्हटलं, सोड ती नोकरी. डाफरायला घरी मी आहे, बाहेर कशाला जातेस? सोडली. मग स्वतःचं असं हे पहिलं काम मिळालं. संध्याकाळी नवरीचा बाप पिक्चर न्यायला येणार होता. त्याला आवडला तर त्याच्या गोतावळ्यातली आणखी लग्नं. नाही मिळाला, तर पुन्हा तोच मालक आणि तेच डाफरणं.

आणि कॉम्प्युटर म्हणत होता, पिक्चर ठेवायला जागा नाही.

"आतल्या सगळ्या फायली मिळून निम्मीसुद्धा डिस्क भरत नाही," मुलगा म्हणाला. "तरी भरली म्हणून सांगतोय."

"मग उरलेली निम्मी कोणी भरली?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "आई, तू काही दाबलंस का?"

"मी ते डबडं पुसते. तुमच्यापैकी कोणी जे करत नाही, ते."

"आई कशाला काही करतील?" सून म्हणाली. तिची ही एक लकब आहे. बाजू घेतली की टोमणा मारला, ते दुसऱ्या दिवशी कळतं.

दुरुस्तीवाला आला. चांगला माणूस, पण स्क्रू तोंडात धरून बोलतो, त्यामुळे त्याची अर्धी विद्या तोंडातच राहते. त्याने कचऱ्याची टोपली रिकामी केली. जुन्या प्रती काढल्या. लपलेल्या फायली उघड्या केल्या. व्हायरस शोधला, मिळाला नाही. शेवटी त्याने पडद्यावर डिस्कचा नकाशा लावला. लहानमोठे रंगीत चौकोन, एकेक चौकोन म्हणजे एकेक फाईल, बोट ठेवलं की नाव दिसतं. आणि कोपऱ्यात एक मोठा करडा चौकोन.

त्याला नाव नव्हतं.

"नावच नाही तर पुसू काय?" तो स्क्रूच्या आडून म्हणाला.

मुलाने आपले जुने फोटो काढून टाकले. रंगीत चौकोन गेले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत करडा चौकोन पसरला. सावकाश. घाई नसल्यासारखा.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," हे दारातून म्हणाले. "ह्याने आपलं अंथरूण पाहिलेलं दिसतंय."

कोणी हसलं नाही. मी हसले. घरात एकाने तरी हसावं.

दुरुस्तीवाल्याने पिशवीतून नवी, कोरी डिस्क काढली, आधीच्यापेक्षा मोठी. जोडली. त्याच्यासाठी ठेवलेला चहा निवायच्या आत तीही भरली. पुन्हा तोच करडा चौकोन, फक्त आता ऐसपैस.

मग त्याने तोंडातले स्क्रू काढून खिशात टाकले. टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा उचलायला गेला आणि थांबला.

"काकू, ह्यात काही ठेवलंय का?"

"काय ठेवणार? का?"

"जड लागतोय."

झाकण उघडलं. आत पंखा, वायरी, आणि धुळीचा कण नाही. "बघा," मी सगळ्यांना म्हटलं, "किती स्वच्छ आहे!" पण त्यांचं लक्ष पंख्याकडे होतं. रोज तो भुणभुणतो. आज थांबून थांबून फिरत होता. जिने चढून आलेलं माणूस पायरीवर टेकतं आणि श्वास घेतं, तसा.

सगळे स्वयंपाकघरात गेले, काय करायचं ते ठरवायला. मी मागेच राहिले. दारातून दिसत होतं, सून धुतलेलाच कप पुन्हा धूत होती. मला मागच्या खोलीत तिचा आवाज आला. "राहू दे. उद्यापासून स्टुडिओत जाते परत."

ते ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. मी तिच्या खुर्चीत बसले. पडद्याला तोंड दिलं.

"हे बघ," मी म्हटलं, "तू कोण, कुठला, मला माहीत नाही. पण पोरीच्या पोटापाण्याच्या जागेत हातपाय ताणून पडणं शोभतं का? जागा हवी तर तोंडाने मागावी. माझ्या दारातून जागा नाही म्हणून आजवर कोणी परत गेलेलं नाही. त्या डबड्यात कशाला कोंबून घेतोस? बाहेर ये. घर मोठं आहे. राहा."

पंखा थांबला.

करडा चौकोन चारी कडांनी आक्रसायला लागला. पांघरुणातून उठताना माणूस पाय गोळा करतं, तसा.

टेबलाखाली माझे पाय होते. ते मी बाजूला घेतले. कोणी जाताना आपण घेतो तसे, न बघता.

मग पंखा पुन्हा भुणभुणायला लागला, रोजच्यासारखा. मी सगळ्यांना हाक मारली.

संध्याकाळी नवरीच्या बापाने पिक्चर पाहिला, दोनदा डोळे पुसले आणि जाताना पुतणीचं लग्नही सुनेलाच देऊन गेला. दुरुस्तीवाल्याने आपणच काहीतरी केलं असं मानून घेतलं. मानू दे. सुनेने सरळ शब्दांत कौतुक केलं, टोमणा कुठे आहे ते मी अजून शोधते आहे. कॉम्प्युटरात आता इतकी मोकळी जागा असते की तिला सुचत नाही काय काय ठेवू. घरात हसणं-खिदळणं चालू आहे. कोणाचं काही वाईट झालेलं नाही, हे आधी सांगते.

फक्त दिवाणखान्यातला सोफा चौघांचा आहे, आणि आम्ही चौघंच आहोत. तरी हे हल्ली स्टुलावर बसतात.

"का हो?"

"दाटी होते," म्हणाले. कोणाची, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढे मुलगा खाली जमिनीवर बसायला लागला. पाठीला बरं पडतं म्हणे. चपलांच्या मांडणीत सुनेच्या चपला मावत नाहीत, त्या दाराबाहेर असतात. कपाटातले कपडे एका बाजूला दाबलेले असतात, दुसऱ्या बाजूला नुसते हँगर. मी कपडे सारखे करते. सकाळी ते पुन्हा दाबलेले.

परवापासून सूनही खिडकीच्या कट्ट्यावर बसून चहा पिते.

मी मात्र सोफा सोडला नाही. घर माझं आहे, शब्द माझा आहे. काल सगळ्यांसमोर ताठ मानेने सोफ्यापाशी गेले, बसायला वाकले, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "आहे का हो जागा?"

स्टुलावरून, जमिनीवरून, कट्ट्यावरून तिघांनीही सोफ्याकडे पाहिलं.

सोफ्याची गादी मधोमध दबलेली होती. ती हळूच वर आली, आणि जरा पलीकडे दबली.