व्हय म्हाराजा

मी मसुऱ्याला गेले ती सुभद्राकाकीची मांजरं बघायला. काकीने मरताना लेकाकडून, म्हणजे माझ्या चुलतभावाकडून, दत्तप्रसादकडून वचन घेतलं होतं, "माज्या माजरांका उपाशी ठेव नको." दत्ताने चहा टाकला, काजूच्या भावाचं रडगाणं गायलं. घरात मात्र मुताचा असा भपकारा, की चहा घशाखाली उतरेना.

"माजरां खंय रे?"

"आसत खंयतरी. उंदीर खातत नि पडतत."

लाकडांच्या खोलीच्या दारावर आतून खरवडल्याचा आवाज आला. मी कडी काढली. तिघीही आत. फासळ्या वर आलेल्या, डोळे चिकटलेले, वाडगं कोरडं ठाक. धाकटी सरपटत बाहेर आली, तर मेल्याने तिला अशी लाथ हाणली की ती भिंतीवर आपटली. नाकातून रक्त आलं.

माझं डोकंच फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, देवळात हात जोडते ते आईसाठी. पण तुळशीकडे बघून तोंडातून खणखणीत गाऱ्हाणंच निघालं:

"बा देवा म्हाराजा! जेणां ह्या मुक्या जिवांका उपाशी कोंडल्यान, तेच्याच अंगावर ह्येंची भूक भागव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दत्ता म्हणाला.

जन्मभराची सवय. देवळात पुढचा गाऱ्हाणं घालतो, मागच्यांनी होकार द्यायचा. त्याचे हातसुद्धा जोडले गेले होते. मग त्याने जीभ चावली.

"शिरा पडो तुज्या तोंडार! माज्याच तोंडातसून वदवलंस गो!"

"मी खंय सांगलंय तुका बोलूक?"

तिघींना आंब्याच्या पेटीत घातलं, वर टॉवेल घट्ट बांधला. ओरडायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात. कणकवलीपर्यंत मी गाडी चालवत त्यांनाच विनवत होते, जगा गो बायांनो, एवढं ऐका.

जनावरांच्या दवाखान्यात आमचा नंबर लागायच्या आत दत्ताच्या शेजारणीचा, लक्ष्मीवयनीचा फोन आला. ती रडत होती.

"रसिका, दत्ता बोंबलत होतो गो. दार आतसून बंद. मोडून आत गेलंव तर एकटोच."

"काय झालां?"

"पोटरेचा मास नाय. हाडां दिसतत. जित्तो आसा, नि एकच बडबडता, काडा त्येंका, काडा."

मी पेटीकडे बघितलं; टॉवेलची गाठ तशीच घट्ट होती.

डॉक्टरांनी टॉवेल सोडला.

"उपाशी म्हणालात ना?" त्यांनी धाकटीचं पोट चाचपलं. "अहो, ही तर तुडुंब जेवलीय."

ती निवांत मिशा पुसत होती. थोरली अजून काहीतरी चावत होती.