समासातला तांबडा ठिपका

दारावर चिकटवलेल्या कागदावर तिने पेन्सिलीने चौथी खूण केली, आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं.

आत एक उंच, किंचित वाकून उभा राहणारा तरुण होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, पेन्सिलीकडे पाहिलं, मग आपल्याच हाताने लिहिलेल्या त्या कागदाकडे पाहिलं.

"चार चुका?" त्याने हळूच विचारलं.

"पाच," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे... पाचवीपर्यंत पोचले नव्हते अजून. माफ करा हं, हाताला सवय आहे. खाली घड्याळ दुरुस्तीला दिलंय, ते म्हणाले दहा मिनिटं थांबा, म्हणून जिन्यावर उभी होते."

दार हलू नये म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं — तिला पाचवी खूण नीट करता यावी म्हणून.

आतून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "घुम्या, कोण आहे रे?"

"आपल्याला पाहिजे होतं ते माणूस," तो म्हणाला.

कागदावर तेच तर लिहिलं होतं — गेममधले संवाद तपासायला माणूस पाहिजे. आणि तिने तेरा वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. तो छापखाना गेल्या महिन्यात बंद पडला होता.

आवाज होता त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा. घड्याळवाल्याच्या डोक्यावरच्या या दोन खोल्यांत बहीण-भाऊ गेम बनवायचे. तो बनवायचा, आणि गेम पूर्ण होईल हे ताई बघायची. सध्याचा गेम साधाच होता. एक नदी, एक नावाडी, आणि रोज पलीकडे जाणारी एक मुलगी. धावपळ नाही, मारामारी नाही. माणसं नुसती बोलायची, आणि त्या बोलण्यातच खेळणाऱ्याला वाट सापडायची. म्हणून तर शब्द नीट असणं भाग होतं.

"हे बघा प्रूफबाई," ताई म्हणाली. ताईने तिचं हे नाव पहिल्या पाच मिनिटांतच पक्कं केलं होतं. "कागदावर तपासून देणारे पुष्कळ आहेत. मला एडिटरमध्ये बसून, चालत्या गेममध्ये दुरुस्ती करणारं माणूस हवंय. आठ दिवस बघू. येत्या शनिवारी माझ्यासमोर खेळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालवून दाखवायचा, एडिटर आणि गेम दोन्ही उघडे ठेवून. अडकला तर मग मी दुसरी सोय बघेन. राग नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. छापखाना मिटल्यापासून सकाळी उठून नेमकं कुठे जायचं हे तिला कळेनासं झालं होतं. आता आठ दिवस तरी कळणार होतं.

घरी आत्याने विचारलं, "दिवसभर गेम खेळणार म्हणजे?"

"खेळणार नाही गं आत्या. तपासणार."

"खेळ तपासायचा असतो होय," आत्या म्हणाली, आणि डबा कितीला हवा ते विचारायला वळली.

दुसऱ्या दिवशी तिचा संगणक लागला. ती रोजच्यासारखी क्षणभर डोळे मिटून बसली. कामाआधी असं बसायचा तिचा लहानपणापासूनचा नेम होता. डोळे उघडले तेव्हा तो शेजारी खुर्ची घेऊन उभा होता, तिचं होईपर्यंत थांबलेला.

"तुमच्या एडिटरची आणि गेम इंजिनची अजून ओळख नाही," तो म्हणाला.

"मग द्या की करून."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. गेम चालतो तो इंजिनमध्ये, त्याने सांगितलं, आणि त्यातले शब्द लिहिले जातात ते एडिटरमध्ये. इंजिनच्या सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं, की बाबा रे, हे आपलं एडिटर. एडिटरलाही एक जोडणी बसवावी लागते. दोघांनी एकमेकांना ओळखलं, की इकडे नावाड्यावर क्लिक केलं की तिकडे त्याचीच ओळ उघडते. आणि हे हिरवं बटण दाबलं, की गेम चालताना दोघं एकमेकांचा हात धरून चालतात.

शेवटचं वाक्य त्याने बोलून टाकलं खरं, पण मग तो बराच वेळ पडद्याकडेच बघत राहिला.

"प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम कशाला?" तिने मदतीला धावून विचारलं.

"ओळ संपली हे यंत्राला कळावं म्हणून."

"अर्धविरामाने? तेव्हा आमच्या छापखान्यात यायला हवं होतं हो या यंत्राने."

आता तो खरंच हसला. हसताना तो खाली बघायचा, जणू हसू कुठे सांडलंय ते शोधत.

एडिटरची पार्श्वभूमी काळी होती. ती नुसतंच म्हणाली, की विहिरीत वाकून वाचल्यासारखं वाटतं. काने-मात्रा अक्षरांपासून सुटून भलतीकडेच लटकत होत्या. त्यावर तर ती बोललीही नाही, फक्त जरा पुढे झुकून वाचत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर पडदा जुन्या कागदाच्या रंगाचा झालेला, मात्रा आपापल्या जागी, आणि अक्षरं दोन बोटं मोठी. तिने वळून पाहिलं. तो आपल्या टेबलावर पाठ करून बसला होता. पण त्याची पाठसुद्धा ती काय म्हणते ते ऐकत होती.

"छान दिसतंय," ती म्हणाली. पाठीने मान डोलावली.

आणि त्याच दिवसापासून गेम मरायला लागला.

नावाडी होडीत पाय टाकायचा आणि पाय हवेतच. पाणी गोठायचं. उडता बगळा टांगल्यासारखा थांबायचा. ती घाबरून सगळं बंद करायची आणि त्याला हाक मारायची. दुसऱ्याला खुर्ची द्यायची तर आपलं टेबल आवरून द्यावं, ही तिची रीत. म्हणून तो येईपर्यंत एडिटर नीट मिटून ठेवायची. तो बसायचा, गेम लावायचा, आणि गेम सुरळीत चालायचा. पाणी खळखळ वाहायचं, बगळा झाडावर जाऊन बसायचा.

"तुम्ही बसलात की चालतो," ती रडवेली होऊन म्हणाली, "मी बसले की मरतो."

त्याने एडिटरची जोडणी काढून पुन्हा बसवली. इंजिनला एडिटरचा पत्ता नव्याने दिला. सगळा प्रोजेक्ट पुन्हा बांधला. बुधवार गेला, गुरुवारची सकाळ गेली. ताई दोनदा दारात येऊन, गोठलेलं पाणी बघून परत गेली. दुपारी तिने डबा उघडला आणि तसाच मिटला. पर्स खांद्याला लावून ती त्याच्या टेबलाशी गेली.

"ताईंना सांगा, दुसरं माणूस बघा म्हणावं. माझ्या हाताला हे मानवत नाही. तुमचे दोन दिवस फुकट घालवले मी."

"बसा," तो म्हणाला.

"अहो, पण..."

"मी शेजारी बसतो. काही आवरू नका. रोज जसं करता, अगदी तस्संच करा."

ती बसली. इतक्या जवळ, की त्याच्या शर्टाला लागलेला साबणाचा वास यावा. तिने एडिटर उघडलं, हिरवं बटण दाबलं, आदल्या दिवशी थांबली होती त्याच्या पुढची ओळ वाचली. वाचून झाल्यावर ओळीच्या डावीकडे, समासात, टिचकी मारल्यासारखं क्लिक केलं. तिथे एक गोलमटोल तांबडा ठिपका उमटला. दुसरी ओळ वाचली. दुसरा ठिपका.

"हे... काय करताय?"

"खूण. वाचून झालेल्या ओळीला ठिपका द्यायचा माझा नेम आहे. तेरा वर्षं पेन्सिलीने देत होते. इथे आपोआप येतो, रंगीत. मला वाटलं, किती विचार करून बनवलंय हो हे."

त्याने माउस घेतला आणि फाईल वरपासून खालपर्यंत सरकवली. समासात तांबड्या ठिपक्यांची रांगच रांग. दुसऱ्या फाईलमध्येही तशीच. तो बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे आणि डोळ्यांतून पाणी.

"याला ब्रेकपॉइंट म्हणतात," बोलता यायला लागल्यावर तो म्हणाला. "चूक शोधायची असली की आम्ही देतो. एखादा. फार तर दोन. ठिपका म्हणजे यंत्राला हुकूम — या ओळीवर आलास की थांब, मी सांगेपर्यंत हलू नकोस. ते बिचारं तुमचं ऐकत होतं. आणि एडिटर मिटलं की हुकूम द्यायला कुणीच नाही, म्हणून माझ्यापुढे चालत होतं."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "किती आहेत?"

"दोनशे चौदा."

मग तीही हसली. तेरा वर्षांत छापखान्यात इतकं मोठ्याने कुणी हसलं नव्हतं. ताई डोकावून गेली. या वेळी जाताना तिच्याही ओठांवर हसू होतं.

"एका फटक्यात पुसता येतात सगळे," तो म्हणाला.

"नको. वाचून दिलेत, वाचूनच पुसते."

मग त्याने तिच्यासाठी दुसऱ्या जातीची खूण बसवून दिली, निळी. "ही गेमला दिसत नाही. फक्त तुम्हाला." आणि तिच्या शेजारीच बसून राहिला. ती ओळ वाचायची, तांबडा पुसायची, निळा द्यायची. शुक्रवारचा दिवसही असाच गेला. खालून घड्याळांची टिकटिक वर येत होती, आणि घाई कुणालाच नव्हती.

शेवटच्या प्रसंगाशी ती थांबली. "हा नावाडी रोज तिला पलीकडे सोडतो आणि म्हणतो, 'सांभाळून जा.' आज शेवटच्या दिवशीही तेवढंच. काहीतरी राहिल्यासारखं वाटतं नाही?"

"राहिलंय," तो म्हणाला. "लिहितो आणि पुसतो. तुम्ही सुचवा."

"मी? छे. मी लोकांनी लिहिलेलं तपासते. स्वतःचं एक वाक्य लिहिलं नाही कधी."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग पडद्याकडे. "अर्धं माझंही तसंच आहे. स्वतःचं वाटलं की पुसतो," तो म्हणाला.

शनिवारी तिला लवकर येऊन एकदा एकटीने गेम चालवून बघायचा होता. पण आत्याला सकाळी चक्कर आली. तिला झोपवून, शेजारणीला बसवून निघेपर्यंत उशीर झाला. जिना चढून धापा टाकत ती आत आली, तर ताई तिच्या टेबलाशी बसलेली.

"या प्रूफबाई. लावा."

"ताई, एक मिनिट," तो घाईने उठला. "मला आधी तिच्या मशीनवर जरा..."

"दोन दिवस तूच होतास ना तिच्या मशीनवर? बस आता."

तो बसला, पण खुर्चीच्या टोकावर. हात एकमेकांत गुंतवलेले, कपाळ ओलं. हा इतका का घाबरलाय, तिला कळेना. तिने डोळे मिटले, उघडले आणि हिरवं बटण दाबलं.

नावाडी चालला, होडी सुटली. एकेक प्रसंग निर्विघ्न पार पडला. ताईची मान हळूहळू डोलू लागली. शेवटचा प्रसंग आला, मुलगी काठावर उतरली, नावाड्याने मान वर केली —

आणि पाणी गोठलं.

"झालं," ताई म्हणाली. "बाई, तुमचे ठिपके."

"नाही हो, सगळे पुसले होते मी. एकेक करून..."

"तिचा नाही तो," तो म्हणाला. "माझा आहे. काल ती गेल्यावर दिला. सकाळी एकटीच असेल, तेव्हा बघेल, म्हणून..."

तिने एडिटर पुढे आणलं. निळ्या खुणांच्या रांगेत शेवटी एकच तांबडा ठिपका. त्यासमोर काल नसलेली ओळ. नावाडी म्हणत होता —

"उद्या येशील? पलीकडे जायचं नसलं तरी?"

ताईने ओळ वाचली. भावाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची जरा मागे सरकवली.

तिने गेम थांबवला. कानामागची पेन्सिल काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही हात कळांवर ठेवले. ती सावकाश लिहीत गेली. आधी मुलीचं नाव, मग अवतरणचिन्ह, मग शब्द. एडिटरने कुठेही खाली लाल रेघ ओढली नाही. जतन केलं, इंजिनमध्ये परतली, यंत्राने नवं वाक्य वाचून घेईपर्यंत थांबली, आणि पुन्हा गेम लावला. होडी काठाला लागली. त्याच ओळीवर पाणी पुन्हा गोठलं.

"आता पुढे जायचं बटण दाबा," तो म्हणाला. त्याचा स्वर जेमतेम ऐकू आला.

"तू दाब," ती म्हणाली.

त्याने तिच्या हातावरून हात नेऊन कळ दाबली. पाणी वाहू लागलं. मुलगी काठावरून मागे वळली आणि म्हणाली —

"येईन. पण मग होडी जरा सावकाश चालव."

ताई उठली. दोन वेळा खाकरली. "सोमवारपासून दहाला यायचं," ती म्हणाली. "आणि घुम्या, तो दारावरचा कागद काढ आता." मग आपल्या खोलीत गेली आणि दार जरा जास्तच जपून लोटलं.

दोघं पडद्याकडे बघत बसले. समासात तांबडा ठिपका तसाच होता.

"पुसू का?" त्याने विचारलं.

"गेम लोकांकडे जाईल तेव्हा पुसू," ती म्हणाली. "तोवर असू दे."